यूसीईआयएस स्कोअर ७ आला म्हणजे ऑपरेशन ठरलेलंच का?

भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार) ठाण्यात अ‍ॅडमिट केलंय आणि सिग्मॉइडोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीने तपासणी) रिपोर्टवर ७ लिहिलंय, म्हणून तुम्ही धास्तावलात. ऑपरेशन ठरलेलं नाही, पण आकडा गंभीर आहे.

दुर्बिणीतून आतडं किती बिघडलेलं दिसतं, ते हा स्कोअर सांगतो. तो ० ते ८ असतो: रक्तवाहिन्यांची जाळी पुसली गेली का याचे २ पर्यंत, रक्तस्रावाचे ३ आणि व्रणांचे ३. दुर्बिणीच्या तपासणीचा दुसरा स्कोअर, मेयो, ३ वरच थांबतो, त्यामुळे उथळ व्रण आणि खोल खड्डे दोन्ही एकाच खान्यात जातात. माझ्या मते यूसीईआयएसचा खरा उपयोग इथेच आहे. ऑक्सफर्डच्या अभ्यासात स्कोअर ५ किंवा जास्त असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचं मोठं आतडं पुढे काढावं लागलं. ४ पर्यंतवाल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं.

तरी एकट्या आकड्यावर कोणी ऑपरेशन करत नाही. शिरेतून स्टेरॉइड सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी बघतात. शौचाला ८ पेक्षा जास्त वेळा, किंवा ३ ते ८ वेळा पण सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) ४५ च्या वर, तर स्टेरॉइडवर विसंबून राहत नाहीत. इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन या पुढच्या औषधांचा विचार होतो. म्हणून शौचाची प्रत्येक वेळ, रक्त पडलं का, हे वहीत लिहा. बायोप्सीत (आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीत) सीएमव्ही हा विषाणू तपासलाय का, तेही विचारा.

आणि पोटाच्या सर्जनना आजच दाखवा. तिथे नसतील तर कुठे हलवायचं ते आत्ताच ठरवा. आतडं फुगल्यावर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अँब्युलन्स अडकायला नको.