शनेलचं जॅकेट उलटं करून बघा

प्रश्न : माझं वेंगुर्ल्यात ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. पुतणी मुंबईला फॅशन डिझायनिंग शिकते, गणपतीला आली की हिचं शनेल शनेल सुरू. मोबाईलवर दाखवलंन, कॉलर नसलेलं साधं जॅकेट, चार खिसे, कडेला पट्टी आणि किंमत लाखांत! मी म्हटलं यात शिवायला आहे काय, तर रुसून बसली. खरंच काय आहे हो त्यात?

उत्तर : ताई, शनेल म्हणजे पॅरिसची फॅशन कंपनी. पुतणीने फोटो बाहेरून दाखवला ना, तिथेच घोळ झाला. ते जॅकेट उलटं करून बघायचं असतं. ट्वीडच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, एकेका तुकड्याला रेशमी अस्तर लावून आधीच उभ्या टिपा मारतात, आपण गोधडीला घालतो तशा, आणि मग तुकडे जोडतात, त्यामुळे आत कडक कॅनव्हास लागतच नाही नि कोट असून अंगावर मऊ बसतो. मुंढा (बाही जोडतात ती जागा) वर घेतलेला असतो, म्हणून हात उचलला तरी जॅकेट सोबत वर चढत नाही. खिसे खरोखर हात घालायचे, बटण तिथे काज हवंच, नुसतं शोचं बटण चालायचं नाही. आणि खालच्या दुमडीत आतून बारीक साखळी हाताने टाचलेली असते, तिच्या वजनाने जॅकेट सरळ पडतं.

हे डोकं गाब्रिएल शनेलचं. जन्म १८८३, आई लवकर गेली, अनाथाश्रमात वाढली. १९१० मध्ये पॅरिसला टोप्यांचं दुकान काढलं, मग दोव्हिल नावाच्या समुद्रकाठच्या गावात दुसरं. तिथे श्रीमंत बायका हवा खायला यायच्या, पण कॉर्सेटात, म्हणजे कंबर आवळणाऱ्या कडक अंगवस्त्रात, अशा आवळलेल्या की वाळूत धड चालता यायचं नाही. हिने काय केलं, पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं जर्सी, म्हणजे ताणलं जाणारं विणीचं कापड घेतलं, खलाशांचे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट बघितले, आणि त्यावरून बायकांसाठी मोकळे कपडे शिवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात दुकान बंद केलं (तेव्हा एका जर्मन अधिकाऱ्याशी संबंध होते, तो डाग आहेच), १९४७ ला दिओर या दुसऱ्या डिझायनरने बायकांची कंबर पुन्हा आवळली आणि ही बाई १९५४ मध्ये, सत्तरीत, परत आली. तुम्ही फोटोत बघितलंत ते जॅकेट त्या दुसऱ्या डावातलं.

आता आपल्या घामात ट्वीड कोण घालणार? पण मुंढ्याचं तंत्र ब्लाऊजला लावून बघा, आणि सुती जॅकेट शिवलंत तर समुद्राच्या वाऱ्यात ते उडतं, तिथे साखळी कामाची आहे. फक्त पितळी असेल तर खाऱ्या हवेत काळी-हिरवी पडते, म्हणून धुताना काढता येईल अशी टाचा.

प्रश्न : मालवणच्या बाजारात चौकट-चौकट शिवलेल्या, साखळीच्या पट्ट्याच्या पर्स मिळतात, त्या यांचीच कॉपी का?

उत्तर : बहुतेक हो. मूळ पर्स फेब्रुवारी १९५५ ची, म्हणून तिचं नाव २.५५. तोवर बहुतेक बायका पर्स हातात धरून फिरायच्या, पट्टा खांद्यावर गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. कल्पना झकास. पण आज जी किंमत लावतात त्यातला मोठा भाग नावाचा आहे असं माझं मत, जॅकेटच्या शिलाईबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही.

प्रश्न : शनेलच्या सीईओ कोल्हापूरच्या आहेत, खरं की व्हॉट्सॲपचं?

उत्तर : यावेळी व्हॉट्सॲप खरं बोललं! लीना नायर, जानेवारी २०२२ पासून. सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग, मग जमशेदपूरला एक्सएलआरआय या मॅनेजमेंट कॉलेजात शिक्षण, मग युनिलिव्हरमध्ये वर्षानुवर्षं एचआर. कपडे मात्र त्या डिझाइन करत नाहीत हो, ते खातं आता मात्यू ब्लाझीकडे.