युगांडा की रवांडा: कंटेनर कुठून स्वस्तात निघतो?

तुम्ही विचारलंय की जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' अहवालाच्या तक्त्यातला 'कंटेनरमागे निर्यात खर्च' हा रकाना बघून कॉफीसाठी युगांडा निवडावा की रवांडा. त्या रकान्यावरून काहीही निवडू नका. २०१५ मध्ये त्यांनी पद्धत बदलली तेव्हाच तो गेला, आणि २०२१ मध्ये तर अख्खा अहवालच बंद झाला. त्या आकड्यात वीस फुटी कंटेनरात दहा टन माल धरलेला असायचा आणि जहाजाचं भाडं नसायचं. कॉफीच्या साठ किलोच्या ३२० गोण्या भरल्या की वजन १९ टनांवर जातं. तुमच्या मालाचा तो हिशेबच नव्हे.

मी इतकं तोडून सांगतोय कारण याच तक्त्यापायी माझे हात पोळलेत. मी युगांडाच्या राजधानीत, कंपालात, फॉरवर्डिंगचं (दुसऱ्यांचा माल बंदरापर्यंत आणि जहाजावर पोचवायचं) काम बघायचो, दाजी पुण्यातून गिऱ्हाइकं आणि पैसे सांभाळायचे. त्या जुन्या रकान्यात दोन्ही देश तीन हजार डॉलरच्या आगेमागे होते, रवांडा जरा महाग. दाजी म्हणाले, "फरक एवढासाच आहे ना, मग किगालीचा माल आपल्या नेहमीच्या वाटेनं मोम्बासालाच काढ." मोम्बासा म्हणजे केनियाचं बंदर. मी म्हणत होतो टांझानियातलं दार-ए-सलाम. किगालीहून, म्हणजे रवांडाच्या राजधानीतून, दारला जाताना एकच सीमा लागते, रुसुमोची. मोम्बासाला जायचं तर आधी गतुनाला युगांडात शिरा, मग मलाबाला केनियात. शिवाय अंतरही शे-दीडशे किलोमीटरनं जास्तच. पण दारचा ट्रान्सपोर्टर नवा होता आणि कंटेनरमागे १५० डॉलर जास्त मागत होता. दाजींनी १५० डॉलर बघितले.

फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी अँटवर्पच्या गिऱ्हाइकाचे दोन कंटेनर घेऊन आमचे ट्रेलर गतुनाला पोचले. दुसरं काम होतं म्हणून मीही सोबत होतो. दोन्ही अंगांना चहाचे मळे, मधल्या सखल भागात चौकी आणि वळणापलीकडे दिसेनाशी झालेली गाड्यांची रांग. चौकीचं बांधकाम चालू आहे, जड गाड्या कागितुंबाच्या दुसऱ्या सीमाचौकीला न्या, असा हुकूम आला. त्या दिवसांत दोन्ही सरकारांचं बिनसलेलं होतं, रांगेतला प्रत्येक जण तेच बोलत होता. आमचा केनियन ड्रायव्हर ट्रेलरच्या सावलीत कोळशाची शेगडी पेटवून बसला. मी रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही सीलचे फोटो काढायचो, नंबर दिसेल असे. दुसऱ्या देशातून नुसत्या पार जाणाऱ्या, म्हणजे ट्रान्झिट मालाचं सील तुटलं तर बॉण्ड, म्हणजे कस्टम्सला दिलेली पैशांची हमी, आपल्या गळ्यात येतो.

गतुना किगालीपासून जेमतेम ८० किलोमीटर. कागितुंबा त्याच्या दुपटीहून लांब आणि दुसऱ्याच दिशेला. म्हणजे परत किगाली, तिथून कायोंझा, मग काम चालू असलेल्या रस्त्यानं उत्तरेला. पलीकडे युगांडाच्या चौकीवर, मिरामा हिल्सला, पुन्हा रांग, कारण सगळ्यांच्याच गाड्या तिकडे वळलेल्या. मोम्बासाला पोचलो तेव्हा कटऑफ, म्हणजे जहाजासाठी माल द्यायची शेवटची वेळ, उलटून दोन दिवस झाले होते. बुकिंग पुढच्या जहाजावर गेलं, ट्रेलरचे थांबल्याचे पैसे लागले, कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचं डिटेन्शन लागलं, वर गिऱ्हाइकानं उशिरापोटी पैसे कापले. दाजी म्हणाले, "आस्मानी-सुलतानी आहे, यात कुणाचा दोष?" आणि तोटा मात्र माझ्या वाट्यातून वळता केला. सुलतानी होती, मान्य. पण दोन सीमांची वाट घेतली की ती आडवी येण्याच्या जागाही दोन होतात. मी हेच आधी सांगितलं होतं.

आता तुमचं. ज्या देशाला किनारा नाही त्याचा स्वतःचा असा निर्यात खर्च नसतो. खर्च असतो तो वाटेचा: कुठलं बंदर, किती सीमा, कुठला माल. कंपाला ते मोम्बासा साधारण १,१७० किलोमीटर, किगालीहून १,६०० च्या वर. त्यामुळे कंपालाहून बहुतेक वेळा स्वस्तच पडेल. आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. या वाटांवर आयातीचा माल जास्त येतो, गाड्या किनाऱ्याकडे रिकाम्या परततात, म्हणून निर्यातीचं भाडं आयातीपेक्षा कमी मिळतं. घासाघीस करा. आणि कॉफीला स्वच्छ, वास नसलेला कंटेनर लागतो. तो किगालीत मिळाला नाही तर किनाऱ्यावरून रिकामा ओढून आणायचा खर्च धरा, नाहीतर गोण्या ट्रकनं नेऊन बंदरावरच भरा.

गतुना ३१ जानेवारी २०२२ ला पुन्हा उघडलं, त्यामुळे ती वाट आज बंद नाही. दारलाही बंदरात गर्दी होते, तेव्हा दार म्हणजे डोळे झाकून, असंही माझं म्हणणं नाही. दोन्ही बंदरांचे दर लेखी मागवा. त्यात जहाजाचं भाडं, बॉण्ड, रिकाम्या कंटेनरची ने-आण आणि थांबल्याचा दिवसाचा दर वेगवेगळा लिहून घ्या. आणि १५० डॉलरचा फरक दिसला तर आधी विचारा, मधे सीमा किती आहेत.

दारच्या ट्रान्सपोर्टरचं कोटेशन मी दाजींना ११ फेब्रुवारीला पाठवलं होतं, खाली एक ओळ लिहून: "एकच सीमा आहे, हे घेऊया." तो ईमेल अजून माझ्याकडे आहे.