अनुदान, कर्ज आणि थकलेली बिले : उद्योजक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बार्शी तालुक्यातील एका खेड्यात मी घरगुती प्रमाणावर काळे तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटीचा मसाला करून ओळखीच्या लोकांना देते. आता गावातच कांडप यंत्र, भाजणी यंत्र आणि पॅकिंगची सोय असलेला छोटा कारखाना नव्याने उभा करावा असा विचार आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून 35 टक्के अनुदान मिळते असे कळले. तालुक्याच्या गावी एक गृहस्थ 'फाईल करून देतो' म्हणतात आणि त्यासाठी अनुदानाच्या 10 टक्के रक्कम मागतात. त्यांच्याकडे जावे का?
— एक वाचक भगिनी, जि. सोलापूर

उत्तर : जाऊ नये. या योजनेचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्याला शुल्क नाही आणि मध्यस्थाची गरजही नाही. अर्ज भरताना अडचण आली तर सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जावे. 1977 च्या औद्योगिक धोरणातून ही केंद्रे पुढे आली आणि 1978 पासून ती सुरू झाली. नव्या उद्योजकाला माहिती, सल्ला, कर्जाची शिफारस आणि परवान्यांचे मार्गदर्शन जिल्ह्यातच एका ठिकाणी मिळावे हा त्यांचा मूळ हेतू होता. लोकांच्या मनात मात्र ते 'अनुदानाचे ऑफिस' होऊन बसले आहे, आणि माझ्या मते मध्यस्थांचे फावते ते यामुळेच.

आता अनुदानाचा हिशेब नीट समजून घ्यावा. महिला या नात्याने आपण विशेष प्रवर्गात मोडता आणि कारखाना ग्रामीण भागात होणार आहे, त्यामुळे 35 टक्के हा आकडा बरोबर आहे. आपला प्रकल्प 10 लाख रुपयांचा आहे असे धरले, तर 5 टक्के म्हणजे 50 हजार रुपये आपले स्वतःचे घालावे लागतील आणि उरलेले साडेनऊ लाख बँक देईल. साडेतीन लाखांचे अनुदान आपल्या हातात येत नाही. ते आपल्या नावाने बँकेत तीन वर्षे मुदत ठेव म्हणून राहते, त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनंतर कारखाना चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी होते आणि मगच ती रक्कम कर्जखात्यात वळती केली जाते. कारखाना मध्येच बंद पडला तर अनुदान जाते आणि कर्ज अंगावर राहते. म्हणूनच अनुदान किती मिळेल यापेक्षा बाकीच्या सहा लाखांचे हप्ते कशातून फेडणार, हा प्रश्न आपण स्वतःला आधी विचारावा.

त्याचे उत्तर प्रकल्प अहवालात सापडले पाहिजे, आणि तो अहवाल विकत घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो. तयार अहवालांत यंत्रांच्या किमती आणि विक्रीचे आकडे एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये जसेच्या तसे उतरवलेले असतात. मसाल्याच्या धंद्याचे उदाहरण घ्या. चांगली वाळलेली मिरची हंगामात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येते, आणि ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी यांपैकी कोणती मिरची किती प्रमाणात घालायची यावर आपल्या तिखटाची चव आणि रंग ठरतो. वर्षभर एकच चव द्यायची असेल तर बरीचशी खरेदी याच काळात, रोख पैसे मोजून करावी लागते. शिवाय घरोघरी वर्षाचे तिखट याच उन्हाळ्यात कुटले जात असल्याने कांडपाला गर्दी होते ती तेव्हाच. तयार अहवालात मात्र 'एका महिन्याचा कच्चा माल' असे एक ठरीव वाक्य असते. अशा अहवालावर कर्ज मंजूर झाले की यंत्रे येतात, पण मिरची भरायला पैसे उरत नाहीत, आणि मग तोच माल पावसाळ्यात चढ्या भावाने घ्यावा लागतो. या योजनेत प्रकल्पखर्चात खेळते भांडवल धरता येते, जमिनीची किंमत मात्र धरता येत नाही. तेव्हा यंत्र एक आकार लहान घ्यावे लागले तरी चालेल, पण मिरचीच्या खरेदीसाठी पुरेशी रक्कम अहवालात दाखवावी.

दोन-तीन यंत्र विक्रेत्यांची कोटेशने, विजेच्या जोडणीचा अंदाज, आपण आजवर किती किलो माल कोणाला विकला याची वही आणि बार्शी, सोलापूर येथील चार किराणा दुकानदारांशी झालेले बोलणे, एवढे हाताशी ठेवून उद्योग केंद्रात जावे. तेथील उद्योग निरीक्षक आकडे तपासून देऊ शकतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही 1988 पासून काम करणारी संस्था प्रकल्प अहवाल कसा करावा याचे प्रशिक्षण देते. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत शिक्षण, राहणे आणि जेवण यांचा खर्च आपल्याला करावा लागत नाही, त्यांचाही लाभ घ्यावा.

उद्योग केंद्र अर्जाची छाननी करून तो बँकेकडे पाठवते, परंतु कर्ज द्यायचे की नाही हे बँकच ठरवते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच शाखा व्यवस्थापकांना भेटून आपला हिशेब समजावून सांगावा. 10 लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. केंद्र सरकारच्या योजना ठरावीक आर्थिक वर्षांपुरत्या मंजूर होतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम योजनेच्या संकेतस्थळावर एकदा वाचून घ्यावेत.

प्रश्न : सातपूर येथे माझे छोटे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथवर एका मोठ्या कारखान्यासाठी सुटे भाग करून देतो. पूर्वी 60 दिवसांत पैसे येत, आता 120 दिवस उलटले तरी येत नाहीत. तक्रार केली तर काम बंद होईल अशी भीती वाटते. सरकारी यंत्रणेची काही मदत होते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होते, आणि ती भीक म्हणून नव्हे तर कायद्याने मिळते. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास त्यात ठरलेल्या मुदतीत, आणि ही मुदत 45 दिवसांहून अधिक असू शकत नाही, तर करार नसल्यास 15 दिवसांत दिले पाहिजेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. तेव्हा पूर्वीचे 60 दिवसही कायद्यात बसणारे नव्हते.

हा हक्क बजावण्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती 1 जुलै 2020 पासून आधार क्रमांकावर विनामूल्य होते. आपली नोंदणी नसेल तर आजच करावी, कारण नोंदणीपूर्वी पुरवलेल्या मालाचा दावा वादात सापडू शकतो. यापुढे प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि माल पाठवण्याच्या चलनाच्या प्रतीवर माल मिळाल्याचा शिक्का व तारीख आवर्जून घ्यावी. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची असेल तर ती 15 दिवसांत घ्यावी लागते, म्हणून ही तारीख पुढे निर्णायक ठरते.

आपली भीती मी खोटी मानत नाही. एकाच गिऱ्हाइकावर वर्कशॉप चालत असेल तर कायदा बरोबर असूनही माणूस गप्प बसतो. म्हणून सुरुवात तक्रारीने करू नये. आयकर कायद्यात 1 एप्रिल 2024 पासून अशी तरतूद लागू झाली आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे वरील मुदतीत दिले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत दाखवता येत नाही. आपण लघु उद्योग असल्याचे साधे, नम्र पत्र उद्यम प्रमाणपत्रासह त्या कंपनीच्या लेखा विभागाला पाठवावे. खरेदी विभाग जे टाळतो, ते लेखा विभाग आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी पुष्कळदा मनावर घेतो. कंपनी 'ट्रेड्स' या बिल वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर असेल तर तेथे बिल चढवण्याची विनंती करावी, म्हणजे कंपनीने ते स्वीकारल्यावर बँक आपल्याला पैसे आधी देते आणि कंपनीकडून नंतर वसूल करते.

एवढ्यानेही भागले नाही तर थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसल्यास लवाद नेमला जातो. निकालाला आव्हान द्यायचे असल्यास खरेदीदाराला रकमेच्या 75 टक्के पैसे न्यायालयात आधी भरावे लागतात, ही तरतूद लहान पुरवठादाराच्या फार उपयोगाची आहे. दरम्यान दुसरे गिऱ्हाईक शोधण्याचे काम थांबवू नये.

प्रश्न : कुडाळजवळ आमचे कोकम आगळ आणि आमसुले करण्याचे युनिट पाच वर्षे चालू आहे. वाढीसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अनुदान मागायला गेलो तर 'ही योजना नव्या उद्योगांसाठी आहे' असे उत्तर मिळाले. मग चालू उद्योगाने काय करावे?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर त्या योजनेपुरते बहुतांशी बरोबर आहे. आपण पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची चौकशी करावी. 2020 मध्ये ती मुख्यतः चालू असलेल्या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांना डोळ्यांसमोर ठेवून आणली गेली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान आहे आणि ते प्रवर्गानुसार किंवा शहर-खेडे असे बदलत नाही. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो, त्यामुळे उद्योग केंद्राऐवजी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जावे. प्रकल्प अहवाल, बँकेचा अर्ज आणि अन्न परवाना यांसाठी मदत करायला तेथे जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचे मानधन योजनेतून दिले जाते, म्हणून त्यांना वेगळे पैसे देऊ नयेत. जाताना गेल्या तीन वर्षांची विक्री, अन्न परवान्याची प्रत आणि यंत्रांची कोटेशने सोबत ठेवावीत. कोकमाचा हंगाम पावसापूर्वी जेमतेम दोन-तीन महिने असतो आणि बँकेच्या मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या हंगामासाठी अर्ज दिवाळीच्या सुमारास दाखल झालेला असावा.