मल्टिमीटर घेताना आधी अँपिअरचं भोक बघा

एलईडी बल्ब, मिक्सर आणि जुना इन्व्हर्टर घरीच उघडायचे आहेत, हजाराच्या आत मीटर सुचवा, आणि दीडशे-दोनशेचा पिवळा चालेल का, असं तुम्ही विचारलंय. सेल, रिमोट, डायोड, तुटलेली वायर एवढंच बघायचं तर खुशाल घ्या, माझ्याकडेही एक पडलाय. पण त्याच्या पिना २३० व्होल्टच्या सॉकेटात घालू नका.

डायलवर ७५० व्होल्ट छापलेलं असतं आणि माणूस तिथेच फसतो. तो आकडा फक्त मीटर कुठवर मोजतो ते सांगतो. लाइनवर क्षणभर दोन-चार हजारांचा झटका आला तर काय, ते कॅट रेटिंगवरून, म्हणजे मीटरवर छापलेल्या सुरक्षेच्या वर्गावरून कळतं. प्लगवरच्या वस्तूंना कॅट २ पुरतं, भिंतीतलं वायरिंग किंवा डीबी (घरात वीज वाटणारी पेटी) तपासणार असाल तर कॅट ३, ६०० व्होल्ट. अर्थात छापायला काय, शाईच लागते. म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन मागचं झाकण उघडून बघा. आत काचेचा बारीक फ्यूज दिसला तर तो मीटर घेऊ नका, जाड सिरॅमिकचा हवा.

खरी गोम अँपिअरच्या भोकात, म्हणजे करंट मोजताना लाल वायर खुपसतो त्या भोकात आहे. एकदा करंट मोजून झाल्यावर लाल वायर मी १० अँपिअरच्या भोकातच विसरलो आणि पिना तशाच सॉकेटात घातल्या. डायल व्होल्टवर होता, बरं का! पण त्या भोकातून मीटर म्हणजे सरळ शॉर्ट, आणि माझ्या मीटरला तिथे फ्यूजच नव्हता. फट्कन आवाज, एमसीबी पडला, पिनेचं टोक गायब. बोटं वाचली ते नशीब.

म्हणून माझं मत: अँपिअर नसलेलाच मीटर घ्या. फ्लूक १०१ तसा आहे, कॅट ३ सुद्धा, पण हजारात बसत नाही. घरच्या दुरुस्तीत करंट क्वचित मोजावा लागतो. लागलाच तर पुढे क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा) घ्या, आणि तो एकाच वायरभोवती लावा. अख्ख्या केबलभोवती लावलात तर शून्य दिसेल.

प्लग काढल्यावरही एसएमपीएसच्या (एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटच्या) वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी राहू शकतात, तिथे आधी मीटर, मग हात. मायक्रोवेव्ह मात्र उघडूच नका.

इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल तर ट्रू आरएमएस (वेव्हचा आकार कसाही असला तरी खरे व्होल्ट दाखवणारा) नसलेला मीटर २३० चे २५५ दाखवू शकतो. तुमचा इन्व्हर्टर कोणता आहे?