क्रीमच्या बरण्या, अत्तराच्या कुप्या आणि आपली दमट हवा

प्रसाधनांच्या बाटल्यांची काच जाड, आकार देखणा. फेकायला जीव होत नाही, हे वाचकांच्या यावेळच्या प्रश्नांतूनही दिसतं. मात्र घाटावर टिकणारी युक्ती कोकण किनाऱ्यावर पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. म्हणून उत्तरं इथल्या हवेला धरूनच देते.

क्रीमच्या बरण्यांवर अॅक्रिलिक रंगाने नक्षी काढली होती. श्रावणात पोपडे सुटले. रंग वाईट होता का? (मालवण)

रंगाला दोष देण्याआधी काच तपासा. काच गुळगुळीत, तिच्यात रंगाला मुरायला जागाच नाही, आणि क्रीममधलं तेल-मेण एका धुण्यात निघत नाही. हात लावलेल्या जागी बोटांचं तेलही बसतं. आधी क्रीम कागदाने पुसून काढा, मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून बरणी रात्रभर बुडवून ठेवा. थंड बरणीत उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. लेबलाचा चिकटा राहिला तर त्यावर खोबरेल चोळून तासाभराने खरवडा आणि पुन्हा साबणाने धुवा.

आता खरी परीक्षा. बरणीवरून साधं पाणी ओता. पाण्याचा पातळ पडदा सलग राहिला तर काच स्वच्छ. पडदा फाटून थेंब थेंब उभे राहिले तर तेल अजून आहे. स्वच्छ झाली की कोरडी करून स्पिरिटने पुसा आणि यापुढे बोटं आत घालूनच उचला. काचेसाठीचा म्हणून वेगळा रंग मिळतो तोच घ्या, पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. भाजून पक्का करायचा रंग असेल तर बरणी थंड ओव्हनमध्ये ठेवून मग तापवा, आणि आतच निवू द्या.

आणि हे काम पावसाळ्यात काढूच नका. दमट हवेत वॉर्निशचा हात दुधाळ पडतो, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. नवरात्रानंतरचं कडक ऊन या कामाला सोन्यासारखं.

अत्तराच्या बाटलीचा स्प्रे निघतच नाही. तापवून काढू का? (गुहागर)

अजिबात नको. आत उरतो तो बहुतेक अल्कोहोल, आणि तो पेट घेतो. नेलपॉलिशही तसंच पेट घेतं. आधी उरलेलं फवारून संपवा. बाटली जाड फडक्यात गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा आणि मानेवरची धातूची पट्टी पकडीने जरा जरा बाहेरच्या बाजूला उकलत जा. पिळून काढायला गेलात तर मानेची काच टवकते. पट्टी हटत नसेल तर हट्ट सोडा. बंद कुपीसुद्धा खिडकीत शोभते. दोरा पेटवून बाटली कापण्याचे व्हिडिओ बघता, तेही इथे करू नका. या बाटल्यांचा तळ जाड, भिंत कमी-जास्त, चीर कुठेही धावते.

चतुर्थीला माटवीवर (गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीवर) बरण्या टांगून आत मेणबत्त्या लावाव्यात असं मनात आहे. (कुडाळ)

कल्पना सुंदर, पण दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. माटवीचा मान कवंडळासारख्या रानफळांचा, सुपारीच्या घोसांचा, नारळाचा. खाली मूर्ती आणि आरतीला मुलं उभी, तिथे डोक्यावर काच नको. शिवाय जाड काच ज्योतीला जास्त टिकते हा गैरसमज आहे. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत बरणी फुटते. दिवा हवाच तर रुंद तोंडाची बरणी ताटात ठेवा, पाऊण पाणी भरा, वर बोटभर तेल आणि तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून विझते. आपल्याकडे पूर्वी दिव्यात उंडीच्या झाडाच्या बियांचं तेल जळायचं. मिळालं तर जरूर वापरा. पण पेटता दिवा सोडून घराबाहेर पडू नका.

सीरमच्या बाटल्यांत मनी प्लँट लावलाय. डासांची भीती आहे का? (दापोली)

आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. आठवड्याला पाणी बदला. पण नुसतं ओतून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेली असतात. चमचाभर तांदूळ आणि पाणी घालून बाटली जोरात हलवा, भिंत घासली जाते. तोंडाशी काथ्याचा बोळा बसवा.

किनाऱ्यावरची रेती आणि शिंपले भरून बरणी बंद केली. आतून धुकं धरलं. (रत्नागिरी)

रेतीतलं मीठ पाणी ओढतं. रेती गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवा, लोखंडी कढईत कोरडी भाजा, गार झाल्यावर भरा. शिंपलेही धुऊन उन्हात वाळवा. जिवंत शंख मात्र उचलू नका. पोवळी आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित आहेत, ते रिकामे मिळाले तरी घरी आणायचे नाहीत. बरणीला सजावटीची दोरी बांधायची तर तार नको, खाऱ्या हवेत गंजते, सुंभ बांधा.

धुतलेल्या बरणीत मसाला ठेवला तर? (अलिबाग)

नको. काच धुऊन निघते, झाकणातली चकती वास आणि तेल सोडत नाही. सुया, बटणं, टिकल्या खुशाल ठेवा.