मुंबईत समुद्राकाठी मित्रांबरोबर सायकल चालवायची सवय आहे. बदली होऊन बडोद्याला येतोय. तिथे ती मजा राहील का?

तुम्ही लिहिलंय की गेली पाच वर्षं दर रविवारी चार मित्रांबरोबर वरळीहून कुलाब्यापर्यंत सायकल चालवताय. बडोद्याला समुद्र नाही, ओळखीचं कोणी नाही, तर सायकल विकूनच यावं का? विकू नका. सायकल घेऊन या. तुमच्या जागी मी स्वतः होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी दांडिया बाजारातली, आमची बडोद्यातली चौथी पिढी. नोकरीसाठी सहा वर्षं दादरला राहिले आणि घोळक्यात सायकल चालवायला तिथेच शिकले. पहाटे पाचला शिवाजी पार्क, मग वरळी सी फेस, हाजी अली आणि पेडर रोडचा चढ. चढावर सगळे गप्प. माथ्यावर पोचलेला प्रत्येक जण मागच्यांसाठी थांबायचा आणि मग गिरगाव चौपाटीकडचा उतार सगळ्यांनी मिळून उतरायचा. मरीन ड्राइव्हचे दिवे अजून विझलेले नसायचे, डाव्या हाताला इमारती झोपलेल्या आणि उजवीकडे पाण्याचा आवाज. परतताना इराण्याकडे ब्रून मस्का. ऊन वर आलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत घुसते, त्यामुळे दहानंतर निघालं तर वाऱ्याशीच झगडत बसावं लागतं, हेही तिथेच कळलं. खाऱ्या हवेने साखळी गंजते हेही. दर आठवड्याला पुसून तेल द्यायची सवय लागली, ती आजही आहे.

मग बडोद्याला परत आले आणि सायकल चार महिने जिन्याखाली पडून राहिली. मला वाटायचं, जे होतं ते त्या पाण्यामुळे होतं. शेवटी शाळेतल्या एका गुजराती मैत्रिणीने फोन केला. जास्त काही बोलली नाही. म्हणाली, ‘कालथी आव.’ उद्यापासून ये. काळ्या घोड्याजवळ, साडेपाचला.

काळा घोडा म्हणजे सयाजी बागेजवळचा सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा. बडोद्यात कोणालाही विचारा. तिथे त्या दिवशी पाच जण उभे होते: मैत्रीण, तिचा नवरा, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, विद्यापीठात शिकणारा एक मुलगा, आणि माझी सख्खी वहिनी, जी महिनाभर यांच्याबरोबर जात होती आणि मला बोलली नव्हती, कारण मी नाही म्हणेन असं तिला वाटत होतं. हे लिहितानाही मला भरून येतं.

आमचा नेहमीचा रस्ता मही नदीकाठच्या सिंधरोट गावाचा. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, ओलांडायचं, गोत्रीतून सेवासीला निघायचं. सेवासीला सोळाव्या शतकातली एक वाव आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणारी विहीर. पहिल्या रविवारी काका मला तिथे मुद्दाम घेऊन गेले. सेवासीनंतर शहर संपतं. दोन्ही बाजूंना शेतं, मोर, कधी रस्ता ओलांडणारी नीलगाय. नीलगाय दिसली की सगळ्यात पुढे असलेला हात वर करतो आणि सगळे वेग कमी करतात, कारण एक गेली की मागून दुसरी येतेच. मग महीची कोतरं लागतात, पावसाच्या पाण्याने खोल कापलेल्या मातीच्या घळ्या, आणि एकदम समोर नदीचं रुंद पात्र. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर. जाताना पूर्व पाठीशी असते आणि परतताना ऊन थेट डोळ्यांवर, तेव्हा हेल्मेटखाली टोपी हवीच.

तिथल्या बंधाऱ्यापाशी आम्ही अर्धा तास बसतो. सायकली एकमेकींना टेकवून ठेवलेल्या, काकांच्या थर्मासातला चहा, वहिनीचे मेथीचे ठेपले. सगळ्यात जास्त बोलणं इथे होतं असं तुम्हाला वाटेल, पण नाही. खरं बोलणं सायकलवर होतं. शेजारी शेजारी चालवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून माणूस मोकळा होतो. मुलाच्या लग्नाची काळजी, आईचं विसरणं, नोकरी सोडावी का, हे सगळं मी सेवासी आणि सिंधरोटच्या मधल्या सात-आठ किलोमीटरांत ऐकलंय आणि सांगितलंय. गाडी आली की एकामागे एक व्हायचं, गाडी गेली की अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू.

एकामागे एक चालवण्याचाही एक आनंद आहे. सपाट रस्त्यावर वेग ताशी पंचवीसच्या पुढे गेला की पायांची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून राहिलात तर ती हवा तो कापतो आणि तुम्हाला स्पष्ट हलकं वाटतं. आम्ही दर दोन-तीन किलोमीटरला पुढचा बदलतो. दमलेल्याला पुढे येऊ देत नाही. वहिनी पन्नाशीच्या पुढची आहे, पहिल्या वर्षी ती सतत मागे असायची आणि तिला त्याची लाज वाटायची. मग एका जानेवारीत पावागडच्या डोंगराकडे जाताना समोरून वारा होता (हिवाळ्यात इथे वारा ईशान्येकडून येतो आणि पावागड त्याच बाजूला), आम्ही सगळे थकलो, आणि हालोलच्या अलीकडे ती न सांगता पुढे आली. चार किलोमीटर तिने आम्हाला ओढलं. कोणीच काही बोललं नाही. येताना तोच वारा पाठीवर होता.

गुरुवारी छोटी फेरी असते, जुन्या शहरातून. रावपुरा, सुरसागर, न्यायमंदिर, लेहरीपुरा दरवाजा, मांडवी, आणि दांडिया बाजारातून परत. १९०६ मध्ये बांधलेल्या खंडेराव मार्केटाबाहेर त्या वेळी फुलांच्या राशी ओतत असतात. विश्वामित्री नदीच्या पुलावर दोन मिनिटं थांबून खाली मगर दिसते का ते बघतो. थंडीत काठावर ऊन खात पडलेली दिसतेही. शेवटी लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव उसळ. आपल्या मिसळीची ती बडोद्यातली बहीण, तिखट तरी (रस्सा) वेगळी मागून घ्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा काकांच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरलं तरी गल्लीत इतका चिखल होता की गाडी आत जात नव्हती. आम्ही सायकली हाताने ढकलत नेल्या, हँडलला पाण्याचे कॅन आणि डबे अडकवून, आणि तीन दिवस घर उपसलं. काकूंची गॅसची शेगडी कॅरियरला बांधून दुरुस्तीला नेली ती विद्यापीठातल्या मुलाने. मुंबईच्या माझ्या मित्रांनीही हेच केलं असतं, मला खात्री आहे. म्हणूनच तुम्हाला सांगतेय.

आता समुद्राचं. बडोद्याहून समुद्र दिसत नाही, पण तो तितका लांबही नाही. वर्षातून एकदा, थंडीत, आम्ही कावी-कंबोईला जातो. सुमारे ८० किलोमीटर, पादरा आणि जंबुसरवरून. पहाटे साडेतीनला निघायचं. या दिशेला हिवाळ्यातला वारा आपल्या मागून असतो. जंबुसरच्या आसपास कानम पट्ट्यातली काळी जमीन, कपाशी आणि तूर. मग माती खारवट होत जाते, झाडं खुजी होतात आणि जिकडेतिकडे गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. तिचे काटे टायरातून आरपार जातात. प्रत्येकाजवळ दोन जादा ट्यूब असल्याशिवाय आम्ही निघत नाही.

कंबोईला मही खंबातच्या आखाताला मिळते. तिथे स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे, जे दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं. तारकासुराला मारल्यावर कार्तिकेयाने इथे पिंडी स्थापली अशी कथा आहे. दर्शन ओहोटीतच होतं, म्हणून आमची तारीख पंचांग बघून ठरते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सकाळी दहा-अकराला ओहोटी येईल असा रविवार शोधायचा. हे आखात नरसाळ्यासारखं आत चिंचोळं आणि उथळ होत जातं, आत शिरलेलं पाणी दाटतं आणि उंच चढतं, त्यामुळे इथली भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी आहे.

मरीन ड्राइव्हच्या लाटा मनात ठेवून गेलात तर पहिल्यांदा हिरमोड होईल. चिखलाचं सपाट मैदान, करडं पाणी दूर कुठेतरी. पिंडीवर ओल. पण थांबा, दुपारपर्यंत थांबा. पाणी आवाज न करता सरकत येतं. आधी चिखलातल्या रेघा भरतात, मग पायऱ्या, मग पिंडी, आणि मघाशी जिथे आपण उभे होतो तिथे पाणीच पाणी. वहिनीने बावन्नाव्या वर्षी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथे, स्वतःच्या पायांनी ८० किलोमीटर येऊन. ती बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली आणि मग एवढंच म्हणाली, ‘हेच पाणी ना गं सिंधरोटचं?’ हो, तेच. मध्य प्रदेशात विंध्यातून निघालेली, वाटेत कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी मही आमच्या बंधाऱ्यावरून इथेच येते. तेव्हापासून दर रविवारी सिंधरोटला चहा पिताना मला ते देऊळ आठवतं.

परतताना सायकली छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, चढवतो. ८० किलोमीटर उलट्या वाऱ्याने यायचा हट्ट आम्ही करत नाही. जमणाऱ्यांनी जरूर करावा.

येण्याआधी काही गोष्टी. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पाचला निघून साडेसातला घरात. पावसाळ्यात गरनाळ्यात पाणी भरतं, वाट आदल्या रात्री विचारून घ्या. आणि उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांतीची पतंगबाजी. डिसेंबरच्या अखेरपासून संक्रांत उलटून आठवडा होईपर्यंत गळ्याला जाड रुमाल बांधल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. रस्त्यावर आडवा लोंबणारा मांजा दिसत नाही आणि तो गळा कापतो. आमच्यापैकी एकाच्या रुमालाचे दोन थर कापले गेले होते. तो रुमाल त्याने जपून ठेवलाय.

मुंबईच्या मित्रांनाही सोडू नका. माझे दादरचे तिघे दर डिसेंबरला सायकली रेल्वेत टाकून येतात आणि पावागडला आमच्याबरोबर असतात.

काळ्या घोड्याजवळ रविवारी साडेपाच, गुरुवारी सहा. पहिल्या दिवशी सिंधरोटला येऊ नका, गुरुवारची छोटी फेरी करा, रस्ते आणि माणसं दोन्ही कळतील. चहा काकांचा असतो, तुम्ही फक्त तुमचा कप आणा.