भुट्ट्याचे केस, सुतळीचा पीळ

प्रश्न : काकू, क्लासमध्ये सांगितलंय की डबल फर्टिलायझेशन (फुलातलं दुहेरी फलन) सरळ पाठ करून टाका, प्रश्न तोच येतो. पाठ झालंय पण समजलं काहीच नाही. एक नर युग्मक (परागातली नर पेशी) अंडपेशीकडे जातं ते ठीक, दुसरं कशाला जातं? आणि एंडोस्पर्म ३एन म्हणजे आपण नक्की खातो तरी काय?
– बारावीची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : अगं, इंदूरची पोरगी तू, भुट्ट्याचा कीस तर खाल्लाच असशील. आता घरी करतील तेव्हा आईला सांग भुट्टे मी सोलते, आणि सोलताना केस भसकन उपटून फेकू नकोस, एक केस चिमटीत धर आणि हळूहळू खालपर्यंत माग काढत जा, तो बरोब्बर एका दाण्यापाशी जाऊन थांबतो. जितके दाणे तितके केस. हा केस म्हणजेच मक्याच्या मादी फुलाची कुक्षी (पराग झेलणारा भाग) आणि कुक्षिवृंत (तिचा लांब देठ), नर फुलं वर शेंड्याच्या तुऱ्यात. तिथून उडालेला पराग केसावर पडला की परागनलिका केसाच्या आतून खाली उतरते, चांगली वीतभर कधीकधी, आणि दोन्ही नर युग्मकं सोबत घेऊन जाते. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरत नाही, कणसात मधेच दात पडल्यासारखी जागा दिसते ना, ती बरेचदा त्यामुळेच. टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात म्हणून टोक पुष्कळदा बोडकं राहतं.

आता दाण्याच्या आत. भ्रूणकोशात, म्हणजे अंडपेशी जिच्यात असते त्या पिशवीत, पेशी ७ आणि केंद्रकं ८, हे मात्र पाठच कर, इलाज नाही. एक युग्मक अंडपेशीला मिळतं, त्याचा भ्रूण. दुसरं मधल्या पेशीत शिरतं जिथे आधीच दोन केंद्रकं बसलेली असतात, म्हणून गुणसूत्रांचे तीन संच, तेच ३एन, आणि त्याचा होतो एंडोस्पर्म म्हणजे भ्रूणपोष. किसताना हाताला जे पांढरं दूध लागतं ते बहुतेक सगळं हेच, बाळासाठी भरलेला डबा, जो आपण जिरं-हिंग घालून पळवतो. भ्रूण पाहायचा तर दाणा उभा चीर, बुडाशी फिकट चपटा दिसेल. दुसरं युग्मक कशाला, तर हा डबा फलन झाल्यावरच भरला जातो, पाइनच्या झाडात खाऊ आधीच तयार होतो आणि फलन झालं नाही की सगळा वाया. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं. पण पुरावा शेतातच आहे, पांढऱ्या मक्यावर शेजारच्या पिवळ्याचा पराग आला की त्याच कणसात पिवळे दाणे भरतात, कारण भ्रूणपोषात बापाचा वाटा असतो. दाण्याची वरची साल मात्र पूर्ण आईची.

प्रश्न : ईको आर वन हे एन्झाइम डीएनए जिथे कापतं त्या जागेची अक्षरं जीएएटीटीसी, आणि पुस्तक म्हणतं हा पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखंच) आहे. मी उलटं वाचलं तर सीटीटीएएजी आलं! शिवाय डीएनएची नक्कल होताना लागणारी हेलिकेज, टोपोआयसोमरेज, लायगेज ही एन्झाइमं, यांचा कायम घोळ होतो.
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : उलटं वाचून पाहिलंस हेच मला आवडलं, बाकीचे टिक करून पुढे जातात. ‘चिमा काय कामाची’ एकाच ओळीत उलटसुलट चालतं, डीएनएच्या ओळी दोन आणि त्यांच्या दिशा विरुद्ध. वर जीएएटीटीसी लिही, खाली जोडीदार सीटीटीएएजी, आणि आता खालची ओळ उजवीकडून वाच. आलं ना तेच? ईको आर वन दोन्ही ओळींत जी आणि ए च्या मधे कापतं म्हणून काप सरळ न जाता पायरीसारखा होतो आणि एएटीटीची चिकट शेपटी उरते, त्याच कात्रीने कापलेला दुसरा कुठलाही डीएनए तिला जुळतो, मग लायगेज टाका घालून पक्कं करतं.

बाकीच्या घोळासाठी किराण्याच्या पुडक्याची सुतळी घे. एक टोक खिळ्याला बांध आणि दुसऱ्या टोकाचे दोन पदर ओढून वेगळे कर, हे हेलिकेजचं काम. थोडं उकललं की पुढचा पीळ इतका घट्ट होतो की हात अडतो, तो ताण सोडवणारं टोपोआयसोमरेज. बॅक्टेरियातलं असंच एक म्हणजे गायरेज, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी त्यालाच अडवते. नवा पदर विणणारं पॉलिमरेज जरा नखरेल आहे, स्वतःहून सुरुवात करत नाही, प्रायमेजने आरएनएचा छोटा प्रायमर टाकून द्यावा लागतो, आणि विणणार फक्त पाच प्राइमकडून तीन प्राइमकडे (पदराच्या दोन टोकांची ही नावं), म्हणजे एकाच दिशेने, त्यामुळे एका पदरावर तुकडे तुकडे पडतात. तेच ओकाझाकी तुकडे, ते सांधायला परत लायगेज.

प्रश्न : केळंही ३एन, एंडोस्पर्मही ३एन. मग केळ्यात बी का नाही?
– अकरावी, इंदूर

उत्तर : एंडोस्पर्मला पुढे युग्मकं बनवायचीच नसतात, तीन संचांनी त्याचं काही अडत नाही. केळीचं अख्खं झाड ३एन, युग्मकं बनवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात तीन संचांच्या जोड्या धड लागत नाहीत, फळ फलनाशिवायच धरतं. केळं आडवं काप, मधे बारीक काळे ठिपके दिसतील, ती न वाढलेली बीजांडं.